एरर न आलेला सोमवार

महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये आमच्या एका ग्राहकाचा ओरॅकल डेटाबेस आहे. रविवारी रात्री त्यातल्या चलनांच्या टेबलचे चालू महिन्याचे पार्टिशन (टेबलचा वेगळा ठेवलेला तुकडा) नव्या टेबलस्पेसमध्ये, म्हणजे साठवणीच्या नव्या जागेत, हलवले गेले. ओळी हलल्या की त्यांचे रोआयडी, म्हणजे साठवणीतले पत्ते, बदलतात आणि इंडेक्समध्ये (ओळी झटपट शोधून देणाऱ्या सूचीत) जुनेच पत्ते राहतात; त्यामुळे आदेशात 'अपडेट इंडेक्सेस' लिहिलेले नसेल, तर इंडेक्स 'अनयुजेबल' (निकामी) होऊन नंतर रिबिल्ड करावे, म्हणजे नव्याने बांधावे लागतात. वर्षानुवर्षे हातोहात आलेल्या आमच्या स्क्रिप्टमध्ये हे शब्द नव्हते, मात्र शेवटी बिघडलेले इंडेक्स शोधून बांधण्याची सोय होती. लॉगच्या तळाशी 'अनयुजेबल : शून्य' असे आलेही होते.

सकाळी भिवंडीच्या गोदामातून फोन आला, "साहेब, एरर काही येत नाही, पण एक चलन निघेपर्यंत चहा पिऊन होतो." अ‍ॅप्लिकेशनवाल्यांनी 'आमच्याकडे काहीच बदललेले नाही' हे ठेवणीतले उत्तर दिले. मी एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस शोध कसा घेतो त्याचा आराखडा) उघडला, तर ग्राहक क्रमांकावरच्या साध्या शोधासाठी इंडेक्स न वापरता अख्खे पार्टिशन वाचले जात होते.

स्क्रिप्ट फक्त 'युझर_इंडेक्सेस' ही ओरॅकलमधली इंडेक्सची यादी पाहत होती. प्रायमरी कीचा (प्रत्येक ओळीच्या एकमेव ओळखीचा) इंडेक्स अखंड, म्हणजे पार्टिशन न केलेला, असल्याने तिथे सापडला आणि बांधला गेला. ग्राहक क्रमांकाच्या इंडेक्ससारख्या पार्टिशन केलेल्या इंडेक्सपुढे मात्र त्या यादीत 'एन/ए' (लागू नाही) एवढेच येते, खरी स्थिती 'युझर_इंड_पार्टिशन्स'मध्ये असते. त्यातच 'स्किप_अनयुजेबल_इंडेक्सेस' हे पॅरामीटर (सेटिंग) ओरॅकलच्या 10जी आवृत्तीपासून मुळातच 'ट्रू' असते, म्हणजे युनिक नसलेला इंडेक्स निकामी झाला तर डेटाबेस तक्रार न करता त्याला वगळून काम रेटतो.

अखंड रिबिल्डचा आदेश पार्टिशन केलेल्या इंडेक्सला चालत नाही, म्हणून एकेक पार्टिशन 'ऑनलाइन', म्हणजे टेबल वापरात असतानाच, बांधायला घेतले. पहिलेच अडकून बसले, कारण ऑनलाइन रिबिल्ड आधीपासून उघड्या असलेल्या व्यवहारांसाठी (अजून पक्के न झालेल्या बदलांसाठी) थांबतो आणि गोदामातल्या कोणीतरी अर्धवट नोंद स्क्रीनवर ठेवून जागा सोडली होती. स्क्रीन उघडी असेपर्यंत व्यवहार उघडा ठेवणारे अ‍ॅप्लिकेशन कोणी मंजूर केले, हे विचारण्यात आता अर्थ नाही. फोन करून ती नोंद पूर्ण करवली, तेव्हा काम पुढे सरकले.

स्क्रिप्टमध्ये आता दोन्ही याद्या तपासल्या जातात. वाद उरला आहे तो त्या पॅरामीटरचा. ते 'फॉल्स' असते तर पहिल्याच शोधाला ओआरए-01502 ही इंडेक्स निकामी असल्याची एरर येऊन कारण तत्काळ कळले असते, पण चलने पूर्ण थांबली असती. ग्राहकाला संथ चलने परवडतात, थांबलेली नाहीत. मला मात्र निमूटपणे कुथत चालणाऱ्या डेटाबेसपेक्षा ओरडून थांबणारा अजूनही बरा वाटतो.