उशीखालचा कान आणि मोकळा कान

झोपताना कानात लावण्यासाठी इअरफोन निवडायचा असेल, तर आवाजाचा दर्जा आणि बॅटरी यांच्याही आधी आपण कोणत्या कुशीवर झोपतो हे पाहावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. मी डाव्या कुशीवर झोपतो आणि माझी झोप हलकी आहे. लातूरला आमच्या घरी उन्हाळ्यात कूलर रात्रभर चालतो आणि ज्या रात्री नळाला पाणी येते, त्या रात्री गल्लीतल्या मोटारी एकामागून एक सुरू होतात. हळू आवाजात कीर्तन ऐकत पडलो की माझा डोळा लागतो. मात्र त्याच खोलीत आई झोपते, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर ते लावता येत नाही.

उशीला टेकलेला कान रिकामा ठेवून वरच्या कानात इअरफोन घालावा, असे कोणीही सुचवील, आणि मीही आधी तेच केले. पण मग घरातले काहीच ऐकू येत नाही, कारण एक कान उशीत बुडालेला असतो आणि दुसरा बुजलेला. आमचे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जनाच्या दमणुकीने सगळे गाढ झोपेत होते; जमिनीची घरघर ऐकून आईने मला उचलून अंगणात आणले होते. "येक कान तरी मोकळा ठेवत जा, बाबा," असे ती आजही म्हणते, आणि आता तर रात्री तिला पाणी लागले, उठायचे झाले, तर तिची हाक मला ऐकू यायला हवी. म्हणून इअरफोन खालच्या, उशीला टेकणाऱ्या कानातच घालायचा हे ठरले आणि निवड फार अवघड झाली.

नेहमीचा दांडीवाला इअरफोन या कामाला चालत नाही. कानाचा बाहेरचा भाग म्हणजे पातळ कातडीखालची कूर्चा. ती उशी आणि प्लास्टिक यांच्यात तासन्‌तास दाबली गेली की पहाटे तीनच्या सुमारास कान ठणकू लागतो. शिवाय उशीच्या दाबाने इअरफोन आत सरकतो, आणि कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीची असते. दुकानात करण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे: इअरफोन घालून कानावर तळहात सपाट टेकवावा. तो तळहाताला लागला, तर उशीलाही लागणारच. कानाच्या वाटीत पूर्ण मावणारा, दांडी नसलेला, चपटा आणि बाहेरून मऊ सिलिकॉनचा असाच घ्यावा. टोकाची टोपी दिवसा वापरतो त्यापेक्षा एक आकार लहान ठेवल्यावर मला रात्रीचा ताण बराच कमी वाटला.

बाहेरचा आवाज कापणारी सोय कूलरच्या एकसारख्या घुमणाऱ्या आवाजावर चांगली चालते, कुत्र्याच्या भुंकण्यावर फारशी नाही, आणि बॅटरी लवकर संपवते. कापडी पट्टीत चपटे स्पीकर बसवलेला प्रकार कानाला सर्वांत सुखाचा आहे. फक्त मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, ती पट्टी घामाने भिजते. डिसेंबर-जानेवारीत मी तीच वापरतो, कारण कानटोपीचेही काम होते. एका बाजूचा स्पीकर काढून ठेवतो. हाडातून आवाज पोचवणाऱ्या इअरफोनची कमान डोक्यामागे उशीला अडते. वायरचा इअरफोन गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो, आणि फोन चार्जिंगला लावून तो कानात घालून झोपणे तर धोक्याचेच आहे.

एकाच कानाने ऐकायचे असल्यास फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकत्र करून देणारी सोय, सुरू करावे. ते करण्याआधी एका जुन्या ध्वनिमुद्रणात मला नुसता मृदंग ऐकू येत होता आणि बुवांचा आवाज दुसऱ्या बाजूला राहून जात होता.

आवाजाबाबत मात्र कसलीही सवलत घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तासांची सांगितली आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. रोज सात तास इअरफोन चालू राहिला, तर आठवड्याचे ४९ तास होतात; म्हणून आवाज कुजबुजीइतका ठेवून मी अर्ध्या तासाचा टायमर लावतो. सकाळी टोपी काढून कोरड्या कापडाने पुसतो, आणि कान दुखत किंवा खाजत असेल तर तो बरा होईपर्यंत इअरफोनला हात लावत नाही.

चांगला चपटा इअरफोन मिळाल्यावरही माझा कान थोडा दुखतच होता. कारण उशीत सापडले: आतल्या कापसाचे गोळे होऊन ती दगडासारखी झाली होती. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, पूर्वीपेक्षा थोडा कमी भरायला सांगितला, आणि आता कानाखाली हाताने दाबले की तिथे वाटीएवढा खळगा पडतो आणि इअरफोन त्यात अलगद बसतो.