घरी कॅटामरान बांधताना: चार फळ्या, इपॉक्सी आणि दोरी

कॅटामरान म्हणजे दोन हलांची होडी, आणि हल म्हणजे होडीचा पाण्यात तरंगणारा भाग. दोन हल बांधायचे म्हणजे दुप्पट काम, हे खरं. पण एक हल पूर्ण करून मग दुसऱ्याला हात घालणं ही चूक. साध्या व्ही आकाराच्या हलला दोन बाजू, म्हणजे एकूण चार फळ्या. या चारही एकावर एक ठेवून क्लॅम्पने आवळा आणि एकदमच कापून रंधा मारा. दोन हलांमधला फरक पुढे सुकाणूवर जाणवतो, होडी सतत एका बाजूला ओढत राहते.

प्लायचा तक्ता २४४० मिमीचा, त्यामुळे सांधे टळत नाहीत. स्कार्फ सांध्याला, म्हणजे दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या सांध्याला, जाडीच्या आठपट उतार द्यायचा: ६ मिमी प्लायला ४८ मिमी. तीन तक्ते जोडले की ७२२४ मिमी लांबी मिळते. तक्ते ४८-४८ मिमी मागे सरकवून पायऱ्यांसारखे रचा आणि सगळ्यांवरून एकच उतार रंध्याने काढा. प्लायच्या थरांचे पट्टे सरळ आणि समांतर दिसले तर उतार बरोबर. पट्टा कुठे वाकला तर तिथे खड्डा आहे. आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा चिकट राळ) पाजा, मग घट्ट केलेलं लावा. क्लॅम्प जोर लावून आवळला तर सगळा इपॉक्सी बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

कडेपासून १० मिमी आत, दर १०० ते १५० मिमीवर भोकं पाडून तांब्याच्या तारेने फळ्या शिवायच्या. तारा आधी सैलच ठेवा. हलच्या पुढे आणि मागे वरच्या कडांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघा. पट्ट्या समांतर नसतील तर हलला पीळ आहे. तो आत्ता निघेल, इपॉक्सी सुकल्यावर नाही.

आता इपॉक्सी. बहुतेक नासाडी इथेच होते. लवकर सुकावं म्हणून हार्डनर, म्हणजे राळ कडक करणारा दुसरा भाग, जास्त घालू नका. त्याने वेग वाढत नाही, सांधा कायमचा मऊ राहतो. वेग हवा तर वेगळा हार्डनर घ्या. अर्धा किलो मिश्रण डब्यात तसंच ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं, म्हणून ढवळून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. आतल्या कोपऱ्यातल्या फिलेटसाठी, म्हणजे सांधा भरणाऱ्या गोलसर पट्टीसाठी, लाकडाचा भुसा आणि सिलिका घालून, पालथ्या पळीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट करा. फिलेट ओला असतानाच त्यावर काचेची टेप बसवा, घासण्याचे तास वाचतात.

सुकल्यावर बऱ्याच इपॉक्सींवर मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवा, मगच पॉलिश पेपर. उलट केलंत तर कागद भरून जातो आणि इपॉक्सीचा पुढचा हात सोलून निघतो. उघड्या लाकडावरचा पहिला हात तापमान उतरताना, म्हणजे संध्याकाळी द्या; सकाळी लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि बुडबुडे उठतात.

काचेच्या कापडावरचा जास्तीचा राळ खरवडून काढा, कापडाची वीण दिसली पाहिजे. हल अरुंद असतात, वजन लगेच कळतं: ६ मीटर लांब आणि पाण्याच्या रेषेवर अर्धा मीटर रुंद अशा दोन हलांची होडी साधारण ४२ किलोला एक सेंटीमीटर बुडते.

दोन हलांना जोडणारे आडवे बीम बोल्टने घट्ट करता येतात, पण घरच्या होडीला दोरीच बरी. कॅटामरान हा शब्दच मुळात तमिळमधला, ‘बांधलेली लाकडं’ या अर्थाचा. लाटेवर दोन हल वेगवेगळे हलतात. बोल्ट तो ताण एकाच भोकावर घेतो, दोरी वाटून घेते. दोरी कमी ताणणारी पॉलिएस्टरची. नायलॉन भिजलं की सैलावतं. आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा: डाव्या हलचं पुढचं टोक ते उजव्याचं मागचं, आणि उलट. ते सारखे आले की वेढे मारा, मग मधून आडवे वेढे घेऊन पहिले आवळा. पाण्यातल्या पहिल्या फेरीनंतर ही दोरी सैल पडलेली सापडेल. पुन्हा आवळा, आणि कर्णही पुन्हा मोजा.