सोलापूर साताऱ्याला कसं गेलं

२१ मार्चच्या दुपारी आमच्या नववीच्या मुलांनी सोलापूर उचललं आणि साताऱ्याजवळ नेऊन ठेवलं. शाळेच्या गच्चीवर सावली मोजून आपल्याच गावचे, सोलापूरचे, अक्षांश-रेखांश काढायचा प्रयोग होता. अक्षांश चांगला आला होता, रेखांश मात्र जवळजवळ दोन अंशांनी पश्चिमेला सरकला होता. मोजमापात कुणाचीही चूक नव्हती, गुणाकार-भागाकारही बिनचूक होते. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं आहे. भूगोल शिकवणाऱ्या कुणालाही शाळेच्या गच्चीवर हा प्रयोग फुकटात करता येतो, आणि तो कुठे फसतो ते आधी माहीत असलेलं बरं.

साहित्य साधंच. इंचभर जाडीचा पीव्हीसी पाईप वाळू भरलेल्या बादलीत उभा रोवला. पाईपच्या डोक्यावर पुठ्ठ्याची चकती बसवली आणि तिची एक कड उत्तरेकडे थोडी बाहेर काढली. त्या कडेला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर आलं पाहिजे. भोकातून गवंड्याचा ओळंबा सोडून खाली जिथे टोक टेकलं तिथे खूण केली. मोजमाप या खुणेपासून करायचं, पाईपच्या बुडापासून नाही. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे कागद चिकटवायच्या जागी आधी सपाट प्लायवूड ठेवून पातळी तपासून घेतली.

नुसती काठी उभी केली तर काय बिघडतं? सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट होतं. चौघांनी खूण केली की चार खुणा होतात, आणि या ठिकाणी एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अर्धा अंश, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. भोकातून पडणारा उजेडाचा गोल ठिपका मात्र स्पष्ट असतो. त्याच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करायला सहावीतलं पोरही चुकत नाही.

आपल्याकडचे जुने ज्योतिषी शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, रोवून हेच करायचे. पायथ्याच्या खुणेभोवती ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि ठिपका वर्तुळाच्या आत शिरतो, ती वेळ लिहायची. दुपारनंतर तो पलीकडून बाहेर पडतो, ती वेळ लिहायची. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे त्या गावची खरी माध्यान्ह. मुलं विचारतातच, ‘सर, सावली सगळ्यांत लहान होते तीच वेळ घेतली तर?’ घेऊन बघावी. माध्यान्हीच्या आसपास दहा मिनिटांत सावलीची लांबी जेमतेम ३ मिलिमीटरने बदलते. इतक्या संथ बदलातून नेमका क्षण पकडता येत नाही. वर्तुळाच्या कडेवर मात्र ठिपका मिनिटाला जवळपास ५ मिलिमीटर वेगाने आत-बाहेर करतो, त्यामुळे तिथली वेळ दहा-पंधरा सेकंदांपर्यंत नेमकी मिळते.

त्या दिवशी ठिपका १० वाजून ५० मिनिटांनी आत आला.

नंतर दर पंधरा मिनिटांनी खुणा चालू ठेवल्या. साडेअकराच्या सुमारास कागदावर ज्या खुणा होत्या त्या पट्टी लावल्यासारख्या सरळ रेषेत होत्या. संपाताच्या, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवसाच्या, आसपास हे असंच होतं. इतर दिवशी ठिपक्याची वाट वाकडी असते, डिसेंबरात एका बाजूला तर जूनमध्ये दुसऱ्या बाजूला वळलेली. मार्चच्या या दिवसांत ती जवळजवळ सरळ आणि नेमकी पूर्व-पश्चिम असते. तिला काटकोनात रेषा काढली की उत्तर-दक्षिण हाती येते, होकायंत्राची गरज उरत नाही. स्लॅबमधल्या सळयांमुळे गच्चीवर होकायंत्राचा भरवसा तसाही धरू नये.

उत्तर-दक्षिण रेषा मिळाली आणि आम्ही पृथ्वीगोल वर आणला. शाळेचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा, लोखंडी कमानीत अडकवलेला. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर आणि एक अंश म्हणजे अडीच मिलिमीटरहून जरासं जास्त. कमानीचे ध्रुवावरचे दोन्ही स्क्रू सोडवून गोल मोकळा केला. हे काम दोघांनी करावं. प्लॅस्टिकचे गोल दोन अर्ध्या वाट्या विषुववृत्तावर चिकटवून केलेले असतात आणि हातातून सुटला की तिथेच उकलतात. स्वस्त गोलांत त्या सांध्यावर रेखावृत्तं मिलिमीटरभर इकडेतिकडे झालेली दिसतात. उत्तरेकडचं ७५ आणि दक्षिणेकडचं ७५ जुळतंय का, ते विकत घेतानाच बघून घ्यावं.

मोकळा गोल टॉवेलच्या चुंबळीवर ठेवला आणि सोलापूर बरोबर माथ्यावर येईल असा फिरवला. सोलापुरावर क्लेच्या गोळीत टूथपिक उभी रोवली. ती ओळंब्याशी समांतर दिसली की सोलापूर माथ्यावर आलं. मग गोल न कलंडू देता असा वळवला की उत्तर ध्रुव उत्तरेकडे आणि सोलापूरचं रेखावृत्त आखलेल्या रेषेवर आलं.

‘सर, पृथ्वी आडवी पडली की ओ!’

पडलीच होती. आस जमिनीशी फक्त १७.७ अंशांचा कोन करत होती, सोलापूरच्या अक्षांशाएवढा. वर्गात आपण कमानीतला २३½ अंशांचा कल दाखवतो आणि मुलांच्या मनात बसतं की पृथ्वी टेबलाशी असा कोन करून उभी आहे. तो कल पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला काढलेल्या लंबाशी मोजलेला आहे, आणि वर्गातलं टेबल काही कक्षेची पातळी नव्हे. कमानीत जसाच्या तसा ठेवलेला गोल खऱ्या पृथ्वीशी समांतर होईल तो ६६½ अंश अक्षवृत्तावरच्या गावात, म्हणजे आर्क्टिक वृत्तावर. माझं तर मत आहे की कमान ही गोलाची सगळ्यांत दिशाभूल करणारी गोष्ट आहे. वर्षातून एक दिवस तरी गोल तिच्यातून बाहेर काढावा.

समांतर ठेवलेल्या गोलावर ऊन पडलं की तो आपोआप बोलू लागतो. माध्यान्हीला सोलापूरच्या टूथपिकची सावली उत्तरेकडे, टूथपिकच्या साधारण एकतृतीयांश, म्हणजे शेजारच्या मोठ्या पाईपच्या प्रमाणातच. त्याच रेखावृत्तावर खाली विषुववृत्तावर, हिंदी महासागरात रोवलेल्या टूथपिकला सावलीच नाही. ऊन-सावलीची कड दोन्ही ध्रुवांवरून जाते आहे. पश्चिमेला ती सिएरा लिओनच्या किनाऱ्यापाशी, तिथे सूर्य उगवतोय. पूर्वेला ती वानुआटूच्या जरा अलीकडे, तिथे मावळतोय. अमेरिका पूर्ण काळोखात.

गोलार्धांचा घोळही इथेच सुटतो. पूर्व गोलार्धात दिवस असला की पश्चिम गोलार्धात रात्र, असं उत्तर परीक्षेत दरवर्षी येतं. गोलावर बोट फिरवल्यावर दिसतं की उजेडाचा अर्धा भाग शून्य आणि १८० अंश रेखावृत्तांना अजिबात जुमानत नाही. तो तासाला १५ अंशांनी पश्चिमेकडे सरकत असतो. आमच्या माध्यान्हीला पश्चिम गोलार्धातल्या आफ्रिकेच्या तुकड्यावर ऊन होतं आणि पूर्व गोलार्धात असूनही न्यूझीलंडमध्ये अंधार पडला होता. आफ्रिका चारही गोलार्धांत मोडते, हे पाठ करण्यापेक्षा गोलावर बघून कायमचं लक्षात राहतं.

ठिपका २ वाजून १७ मिनिटांनी वर्तुळाबाहेर पडला आणि हिशेब सुरू झाला.

आधी अक्षांश. पायथ्याच्या खुणेपासून पूर्व-पश्चिम रेषेपर्यंतचं लंब अंतर ३१.३ सेंटिमीटर. ३१.३ भागिले १००, टॅनच्या कोष्टकात कोन १७.४ अंश. सूर्य नेमका विषुववृत्तावर असेल तर हाच अक्षांश. पण संपात कधी २० तर कधी २१ मार्चला असतो. आमच्या वेळी तो आदल्या दिवशी होऊन गेला होता आणि सूर्य पाव अंशाच्या आसपास उत्तरेला सरकला होता. तेवढे मिळवले की १७.६५. नकाशातलं सोलापूर १७.६६ वर आहे. इतकं जवळचं उत्तर थोडं नशिबाचं असतं. अर्ध्या अंशाच्या आत आलं तरी समाधान मानावं.

आता रेखांश. १०.५० आणि २.१७ यांच्या मधली वेळ १२ वाजून ३३ मिनिटं ३० सेकंद. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. तिथे बारा वाजून गेल्यावर साडेतेहेतीस मिनिटांनी आमची माध्यान्ह झाली. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ८.३७ अंश पश्चिमेला. ८२.५ वजा ८.३७ बरोबर ७४.१. नकाशात बघितलं तर सातारा. सोलापूर आहे ७५.९ वर. फरक १.८ अंश, या अक्षवृत्तावर सुमारे १९० किलोमीटर. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किलोमीटरचा असतो, इथे वर्तुळ लहान झाल्याने १०६ चा.

मुलांनी आधी घड्याळावर शंका घेतली. मोबाईलशी ताडून पाहिलं, घड्याळ बरोबर. मग वर्तुळावर. तिथे अर्धा सेंटिमीटर चुकलं तरी पाव अंशाचा फरक पडेल, दोन अंशांचा नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, मिर्झापूरला तरी त्या दिवशी माध्यान्ह बरोबर बारालाच झाली होती का?

नव्हती. घड्याळ वर्षभर एका चालीने चालतं, सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेली आहे, या दोन कारणांनी खरी माध्यान्ह घड्याळाच्या कधी मागे तर कधी पुढे पडते. पंचांगवाले याला वेलांतर म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सुमारे १४ मिनिटं उशिरा येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं लवकर. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर यांच्या आसपास फरक शून्य असतो. २१ मार्चला तो सव्वासात मिनिटांच्या जरा वर, उशिराच्या बाजूने. आम्ही ७ मिनिटं २० सेकंद धरले. ३३ मिनिटं ३० सेकंदांतून ते वजा केले, २६ मिनिटं १० सेकंद उरली. भागिले ४, ६.५४ अंश. ८२.५ वजा ६.५४, उत्तर ७५.९६. सोलापूर परत जागेवर आलं, पाच-सहा किलोमीटर इकडेतिकडे.

पुस्तकातलं ‘एका अंशाला ४ मिनिटं’ बरोबरच आहे, पण ते घड्याळाच्या काल्पनिक सूर्याला लागू पडतं. उन्हातल्या सूर्याला लावायचं तर तारखेची दुरुस्ती आधी. २३ सप्टेंबरला हाच प्रयोग केला तर दुरुस्ती उलट्या बाजूची, साडेसात मिनिटं मिळवायची. ती विसरलं तर सोलापूर पूर्वेला पार तेलंगणात जाऊन बसेल.

जाता जाता एक गंमत. ग्रिनिच १८८४ मध्ये शून्यावर बसलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपले सिद्धांतकर्ते, म्हणजे खगोलाचे ग्रंथ लिहिणारे जुने ज्योतिषी, रेखांश उज्जैनपासून मोजत. उज्जैन ७५.८ अंशांच्या जरा खाली आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबात सोलापूर जवळपास शून्यावर येतं आणि दोन्ही गावांच्या माध्यान्हीत अर्ध्या मिनिटाचाच फरक पडतो.

पडताळा घेताना मोबाईलवर दोन घोटाळे झाले, ते नेहमीचेच आहेत. नकाशावहीत सोलापूर १७ अंश ४० मिनिटं असं छापलेलं. एकाने मोबाईलमध्ये १७.४० टाकलं आणि खूण सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला गेली. ४० मिनिटं म्हणजे ४० भागिले ६०, ०.६७ अंश. टाकायचं १७.६७. दुसऱ्या गटाने आधी रेखांश टाकला आणि मग अक्षांश. खूण थेट स्वालबार्डच्या दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात पडली. उत्तर इतकं दूर गेलं की कुणालाही कळतं. पहिला घोटाळा जास्त वाईट, कारण ३० किलोमीटर सरकलेली खूण खरी वाटते.

प्लायवूडवरचा कागद आम्ही काढला, पण पायथ्याची खूण आणि उत्तर-दक्षिण रेषा गच्चीवर ऑईलपेंटने पक्की केली. आता भोक त्याच खुणेच्या बरोबर वर येईल असा पाईप उभा करून वर्षभर माध्यान्हीची सावली मोजता येईल. २१ डिसेंबरला ती ८७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. १० मेच्या सुमाराला शून्य होईल, आणि त्यानंतर थेट ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत ती दक्षिणेकडे पडेल, २१ जूनच्या सुमाराला जास्तीत जास्त १० सेंटिमीटर. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जून-जुलैत ढग, त्यामुळे शून्य सावली बघायची तर मुलांनी ती घरच्या गच्चीवर बघावी. मेमधल्या त्या दिवसांत वेलांतर साडेतीन मिनिटांचं आणि सूर्य लवकर येणारा, म्हणून सोलापुरात वेळ १२ वाजून २२-२३ मिनिटांची धरायची. पाण्याची रिकामी बाटली उभी ठेवली तरी चालते, फक्त फरशी सपाट हवी.