रात्रीत चाळीस टक्के

"ह्यो फोन झोपंत चालतोय," असं म्हणत आबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून तिसरी, आणि मग फोन काउंटरवर ठेवला. जून संपत आला होता. पाटणात चार दिवस झड लागली होती आणि माझ्या टेबलावर पाणी गेलेल्या फोनांची रांग होती. त्यात हा अठरा दिवसांचा कोरा, कोरडा, काच न फुटलेला फोन बघून मला बरंच वाटलं. दहा मिनिटांचं काम, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

तक्रार सरळ होती. फोन जावयानं मुंबईहून पाठवलेला. "रातीला नऊ वाजता शंभर करून पिन काढतो. सकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून आलो की बगतो, तर साठ. कवा पंचावन्न, कवा ऐंशी. मधी हात बी लावलेला नसतो."

"मग रात्रभर चार्जिंगलाच ठेवा की."

"ढग वाजत्यात. ईज पडली म्हंजी?" गेल्या पावसाळ्यात त्यांच्या शेजाऱ्याचा टीव्ही असाच गेला होता. यावर मला काही बोलता आलं नाही.

ग्राहक 'बॅटरी लवकर उतरते' म्हणतो तेव्हा मी आधी हिशोब करतो, कारण निम्म्या वेळा बॅटरी उतरत नसते, माणूस रील बघत असतो. आबांच्या फोनची बॅटरी ५००० एमएएच. चाळीस टक्के म्हणजे २०००. रात्रीचे आठ तास धरले तर ताशी २५०. स्क्रीन लावून गाणी बघत बसलं तरी साधारण इतकाच करंट जातो. म्हणजे बंद स्क्रीनचा, फळीवर पडलेला फोन रात्रभर सिनेमा बघितल्याइतकं खात होता. आबांचं 'झोपंत चालतोय' हे निदान माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मला नंतर कळलं.

पहिल्या खेपेला मी नेहमीची झाडलोट केली. नवा फोन पहिले दोन-तीन दिवस बॅटरी खातोच. ॲपं अपडेट होतात, फोटो वर चढतात, आत काय काय लावालावी चालू असते. पण इथं अठरा दिवस झाले होते. मग कंपनीनंच घालून दिलेली बातम्यांची, खेळांची ॲपं काढली. नातवानं टाकलेलं 'फोन साफ करणारं' एक ॲप होतं, ते दर पाच मिनिटांनी स्वतःच जागं होत होतं, तेही काढलं. अशा ॲपांवर माझा जुना राग आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे. फोन बराच वेळ न हलवता, स्क्रीन बंद ठेवून पडला की तो सगळ्या ॲपांना झोपवतो आणि मधूनमधून थोडा वेळ उठू देतो. ही साफसफाईवाली ॲपं नेमकी त्या झोपेत खोडा घालतात.

खूण सापडली, असं वाटून पन्नास रुपये घेतले. आठ दिवसांनी आबा परत हजर. फरक शून्य.

मधल्या काळात त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला होता. तिथल्या मुलीनं सांगितलं, रिसेट मारा. मीही मारला. मारण्याआधी 'फोटो गुगलवर आहेत का?' असं विचारलं, ते 'हाईत' म्हणाले, आणि मी तपासलं नाही. नातीच्या बारशाचे फोटो गेले. लेकीनं ते पुन्हा पाठवले म्हणून निभावलं, पण ती चूक माझीच. ज्यानं आयुष्यात गुगलचं खातं स्वतः उघडलेलं नाही, त्याच्या 'हाईत'वर मी कशाच्या जोरावर बटण दाबलं?

रिसेटनंतरही तेच. तिसऱ्या खेपेला मी फोन दुकानात ठेवून घेतला. रात्री नऊला शंभर करून काढला आणि टेबलावर ठेवून शटर ओढलं. सकाळी येऊन बघतो तर अठ्ठ्याण्णव.

फोन उघडायची सोय नव्हती, वॉरंटी गेली असती. नाहीतर आम्ही अशा वेळी बॅटरी काढून डीसी सप्लाय लावतो, आणि फोन बंद असतानाही सुई हलली तर बोर्डावर कुठंतरी लीकेज आहे, म्हणजे वीज गळतेय, हे कळतं. पण अठ्ठ्याण्णव म्हटल्यावर लीकेजचा प्रश्नच मिटला. बोर्ड ठणठणीत, बॅटरी ठणठणीत. मी आबांना मोठ्या थाटात सांगितलं, "फोनमध्ये काहीच नाही."

आबांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "बरं. मग फोन हितंच ऱ्हाऊ द्या. म्या रोज यष्टीनं येऊन हितनं बोलत जाईन."

शेजारचा झेरॉक्सवाला हसला. मी नाही हसलो. त्या रविवारी लॅपटॉप सॅकमध्ये घालून, वर गोणपाटासारखा जाड प्लास्टिकचा कागद गुंडाळून मी गाडी काढली.

आबांची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अर्ध्यावर आहे. शेवटचा दीड किलोमीटर गाडी जात नाही, पावसाळ्यात तर नाहीच. घर दगडी भिंतींचं आणि वर पत्रा. आतल्या माजघराला तर भिंतीच्या वरच्या अंगालाही पत्राच ठोकलेला. १९६७ च्या डिसेंबरात, अकरा तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आबा आठ-नऊ वर्षांचे होते. जुनं कौलारू घर बसलं. त्यानंतर त्यांच्या वडिलांनी कौलाचं नाव काढू दिलं नाही.

"फोन रात्री कुठं ठेवता?"

आबांनी माजघरातली फळी दाखवली. डाळीचे डबे, टॉर्च, औषधाच्या गोळ्या आणि मधे फोनची जागा, खाली घडी केलेला टॉवेल. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीसारखी, वाऱ्यालाही मज्जाव असलेली जागा.

मी फोनच्या माहितीत जाऊन सिमची स्थिती उघडली. तिथं सिग्नलचा खरा आकडा डीबीएम या मापात दिसतो, उणे जितकं मोठं तितका सिग्नल कमी. वरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नये, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं दाखवते. माझ्या दुकानात तो आकडा उणे ८६ असतो. फळीवर होता उणे ११८. बत्तीसचाच फरक दिसतो, पण यात दर दहा आकड्यांमागे सिग्नल दहापट घटतो. म्हणजे दुकानाच्या मानानं इथं हजारपटीहून क्षीण. आणि ही झाली पहिल्या सिमची गोष्ट. दुसऱ्या सिमपुढं नुसतं 'सेवा नाही'.

"हे दुसरं कुणाचं?"

"बँकंचं." बँकेच्या पासबुकाला जोडलेला जुना नंबर. त्या कंपनीचा टॉवर खोऱ्यात या बाजूला नाहीच. जुन्या साध्या फोनात एकच सिम बसायचं, म्हणून हे चुन्याच्या डबीशेजारी चंचीत असायचं आणि आबा पाटणला येताना घेऊन यायचे. नवा फोन आला, दोन खाचे दिसले, जावयानं दोन्ही भरले.

आता लॅपटॉप. बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपरचा मेनू उघडतो. केबल लावून फोनच्या पोटातली बॅटरीची वही बाहेर काढली. रात्री पूर्ण भरून पिन काढल्यापासूनचा सगळा हिशोब त्यात होता. स्क्रीन चालू: चार मिनिटं. व्हॉट्सॲप: किरकोळ. आणि खाली सिग्नलच्या पातळ्या. 'उत्तम' शून्य, 'बरा' शून्य, 'वाईट' साडेतीन तास, आणि 'काहीच नाही' सहा तासांच्या वर. त्याच्याच खाली सिग्नल शोधण्यात गेलेला वेळ, तोही तासांत.

शोध लागला, पण एक गोष्ट अडत होती. टॉवर लांब आणि फळी पत्र्याखाली, हे रोजचं आहे. मग कधी ऐंशी राहते, कधी पंचावन्न, असं का? 'काहीच नाही'चे सहा तास कुठून आले?

चहा आला. कप घ्यायला वळलो तर भिंतीवर कॅलेंडर. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं दुधाचे आकडे, सकाळ-संध्याकाळ, ५ आणि ४॥ असे. त्याखाली आणखी एक आकडा. आणि काही चौकोनांत कोपऱ्यात 'ला'.

"हा खालचा आकडा कसला, आबा?"

"बॅट्रीचा. सकाळचा. तुला दावायला लिवून ठेवलाय. तू कवा इचारलाच न्हाईस."

"आणि 'ला'?"

"लाईट. रातीला गेल्याली."

मी कप तसाच ठेवून कॅलेंडरपाशी गेलो. बारा तारीख: ८१. तेरा: ५६, ला. चौदा: ७९. पंधरा: ५४, ला. सोळा: ५८, ला. सतरा: ८०. दोन आठवड्यांत एकही चौकोन चुकत नव्हता. महिनाभर हे भिंतीवर होतं आणि मी पाटणात बसून ॲपं उडवत होतो.

"लाईट गेली की टॉवरचं काय होतं?"

"दोन-तीन घंटं ऱ्हातो. मग त्यो बी मरतो. लाईट आली की जित्ता व्हतो." हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. समोरच्या खिंडीतला टॉवर आणि वाडी एकाच लाईनवर. त्याच्या पोटातल्या बॅटऱ्या संपल्या की संपला.

मग मी आबांना समजावलं. टॉवर जवळ असला की फोन त्याच्याशी कुजबुजल्यासारखा बोलतो. लांब गेला, मधे पत्रा आला, की ओरडावं लागतं. फोरजीचा फोन पूर्ण ताकदीनं ओरडला तर २०० मिलिवॉट, जवळच्या टॉवरला त्याच्या हजाराव्या हिश्श्यातही भागतं. आणि टॉवर मेलाच तर फोन गप्प बसत नाही. ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० असे एकेक बँड, म्हणजे टॉवर ज्यांवर बोलतात त्या लहरींचे पट्टे, चाचपत बसतो, कुणी आहे का, कुणी आहे का. शिवाय दुसरं सिम तर कायमचंच हरवलेलं. ते रोजच हिंडत असतं, लाईट असो नसो.

"म्हंजी त्यो झोपला की ह्यो रातभर त्येला हाका मारतो," आबा म्हणाले.

"बरोबर."

"मग माझा आधीचा डबडा आठ-आठ दिस कसा काय टिकायचा? ह्याच फळीवर तर असायचा."

हा प्रश्न हेल्पलाइनवरच्या मुलीनं विचारायला हवा होता, आणि मीही. जुना फोन टूजीचा, सिम एक, इंटरनेट नाही, निरोप आणायचे नाहीत. शोधायचे बँडही दोनच. त्याला टॉवर नाही मिळाला तर तो फारसा जीवाला लावून घेत नसे.

उपाय करायला पाच मिनिटं लागली. दुसरं सिम सेटिंगमधून बंद केलं, बँकेच्या कामाला पाटणला आले की चालू करायचं, कसं ते तीनदा करून घेतलं. खोऱ्यात फाइव्हजी नाही, म्हणून नेटवर्क फोरजीवर आणलं. यानं फार फरक पडला असेल असं मला वाटत नाही, पण केलं. मग फोन हातात घेऊन सगळं घर फिरलो, भूत काढणाऱ्या देवऋषासारखा. माजघर उणे ११८, चुलीपाशी ११६, सोप्यात १०९, आणि सोप्याच्या खिंडीकडल्या खिडकीच्या कोनाड्यात १०३. टॉवेलासकट फोनचा मुक्काम तिथं हलवला. आबांच्या मंडळींना ते पटलं नाही, पाऊस आत येतो म्हणाल्या. मग खाली एक उपडं ताट आलं.

राहिला मेलेल्या टॉवरचा प्रश्न. मी विमानाचं चिन्ह दाखवलं. आबा लगेच म्हणाले, "आन् रातीला लेकीचा फोन आला मंजी? हिला बीपी हाय." खरं होतं. फोन घेतला कशाला, विमान करून ठेवायला? पण मग त्यांनीच तोड काढली. काडी असेल तर विमान नाही. झोपताना काडीच नसेल तर फोन तसाही लागणार नाही, तेव्हा विमान. पहाटे चारला म्हशींना उठतो, तेव्हा काढायचं. मी याहून चांगलं काही सुचवू शकलो नसतो.

निघताना पैसे देत होते, घेतले नाहीत. तांदळाची पिशवी मात्र नाही म्हणता आली नाही.

तीन आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी आबा दुकानात आले. पिशवीतून पिशवी, तिच्यातून घडी घातलेलं जुलैचं पान. दुधाचे आकडे, खाली बॅटरी: ९१, ९०, ८८. 'ला'च्या चौकोनांत आता 'वि' हेही अक्षर होतं, विमानाचं, आणि आकडा ९६. एका चौकोनात 'ला' होतं, 'वि' नव्हतं: ७३.

"त्या दिशी इसरलो," आबांनी बोट ठेवून सांगितलं. मग पान उलटं करून झेरॉक्सवाल्यापुढं धरलं. "दोन काढ. एक वायरमनला देतो. रातीला लाईट जात न्हाई म्हन्तो त्यो."

"आणि दुसरी?"

"टावरवाल्याला. त्यो कुठं बसतो, तेवढं सांग."