माई खंय होती?

परवा रात्री जेवणं झाल्यावर आईने झी फाइव्हवर रात्रीस खेळ चाले, ती झी मराठीची कोकणातल्या वाड्यातली भुताची मालिका, परत लावली, पहिला सीझन, अगदी पहिला भाग, २०१६ च्या फेब्रुवारीतला. घरातले कर्ते अण्णा नाईक जातात आणि सगळं खानदान आकेरीच्या वाड्यात जमा होतं तो. मी म्हटलं आई परत कशाला, तर म्हणाली मागच्या वेळी नीट बघितलाच नव्हता. आता ज्या बाईने तिन्ही सीझन बघितलेत, दुसरा तर एक भाग न चुकवता, ती असं म्हणते म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मग मीही बसले.

तर हे मावशीवरून आहे. आईचं माहेर कुडाळ तालुक्यातलं, मावशी अजून तिकडेच राहते, आणि आकेरी तिच्यासाठी टीव्हीतलं गाव नाहीच, कुडाळहून सावंतवाडीला जाताना लागतं ते गाव, तिथलं रामेश्वराचं देऊळ जुनं आणि तिच्या येण्याजाण्यातलं. मालिका सुरू झाल्यावर लोक मुंबई-पुण्याहून गाड्या करून वाडा बघायला यायला लागले, दारात उभं राहून फोटो काढायचे, ते तिला फार विचित्र वाटायचं. पण मालिका बघायची बरं का. पहिल्या सीझनच्या वेळी तिकडे बराच वाद झाला होता, कोकणाची बदनामी चाललीये, अंधश्रद्धा पसरवताहेत वगैरे, आणि तेव्हा मावशीचं एकच म्हणणं होतं की देवचार, राखणदार (गाव आणि घर राखणारे), कौल (देवाला विचारून घेतलेलं उत्तर) ह्या गोष्टी आमच्याकडे आहेत पण त्या भीती घालायला नाहीत, राखणदाराला आम्ही घाबरत नाही, तो घर राखतो, त्याला वर्षाचं जे काय द्यायचं ते द्यायचं आणि गाऱ्हाणं घालून होय म्हाराजा म्हणायचं. मला हे आजही पटतं. मालिकेत कोकणातला अंधार बरोबर आला पण त्या अंधारातला आधार कमीच आला.

दुसरा सीझन जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, तो मागची गोष्ट सांगणारा. माझ्या मते तिन्हीत तोच सगळ्यात भारी. कारण अण्णा मरणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत, त्यांच्या मरणापासूनच तर गोष्ट सुरू झाली होती ना. मग बघायचं काय, तर हा माणूस इतका जिवंत, इतका माजलेला, असा कसा संपला ते. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा काही उभा केला की एवढा वाईट माणूस असून लोक त्याच्या प्रेमात पडले, आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता, म्हणजे अण्णांचं बाहेरचं प्रेम, आल्यावर तर आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरानंतर दुसरा विषयच नसायचा. साडेदहाला भाग सुरू, संपला की मेसेज सुरू. म्हापश्याचा मामेभाऊ शेवंताच्या बाजूने, त्याचं म्हणणं तिला आधी फसवलं कोणी ते बघा. मामी म्हणायची तिला नवरा होता की, पाटणकर, त्याचं काय. वाड्यातला गडी पांडू, त्याचं इसारलंय, म्हणजे विसरलो, तर लहान पोरं पण येताजाता म्हणायची (पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिका लिहायचेही, म्हणूनच ती बोली नुसती पाठ केल्यासारखी वाटायची नाही). मावशीची मात्र त्यावरही तक्रार, आमची मालवणी अशी नाय, ही मुंबैवाल्यांसाठी मऊ केलेली.

आणि मग त्या वर्षीचा पाऊस सुरू झाला.

पावसात मावशीकडे लाइट जाते. थोडा वारा सुटला, कुठे माडाची झावळी तारेवर पडली की गेली, कधी तासाने येते कधी सकाळी. मग साडेदहाचा भाग बुडायचा आणि अकरा वाजले की आईचा फोन वाजायचा. आई बाल्कनीत जाऊन बसायची आणि सगळा भाग सांगायची, मालवणीत, आवाज बारीक करून कारण आम्ही झोपलेलो असायचो, निदान तिला तसं वाटायचं. मी आतून ऐकत असायचे. खरं सांगते, टीव्हीवर जे बघून मला काही वाटलं नव्हतं ते आईच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा यायचा, कारण टीव्हीवर ते म्युझिक असतं, एकच चेहरा तीनदा दाखवतात, इथे नुसता आवाज, आणि फोनच्या पलीकडे कौलांवर पडणारा पाऊस स्पीकरवर ऐकू यायचा. मावशी एकटी, समोर चिमणी लावलेली, ती फक्त हूं हूं करायची. लहानपणी ह्या दोघी जत्रेत रात्रभर दशावतार बघायच्या, मग पहाटे घरी येऊन जी बहीण मध्येच झोपली असेल तिला दुसरी सगळं सांगायची. तीच सवय असणार.

पण मावशी सगळं ऐकून झाल्यावर एक प्रश्न विचारायची. रोज.

"आणि माई खंय होती?" माई म्हणजे अण्णांची बायको, ती कुठे होती.

आई म्हणायची, अगे आसात थयच, घरातच. मग मावशी, "घरात म्हणजे खंय? तिका कळला काय? जेवाण कोणी वाढल्यान?" आणि आईला सांगता यायचं नाही, कारण आईने बघितलंच नव्हतं, तिचं लक्ष अण्णा आणि शेवंताकडे, आपलं सगळ्यांचंच तिकडे होतं. आमच्या ग्रुपवर मी नंतर मागे जाऊन शोधलं, किती महिने आम्ही भांडलो त्या भागांवर, माईवर एक मेसेज नाही. एक सोडून. तोही कोणीतरी लिहिलेला, माईचा आवाज किती चढतो बाबा.

मग आई माईकडे बघायला लागली, दुसऱ्या दिवशी मावशीला सांगायचं म्हणून. आणि आईबरोबर मी. माई झालेल्या शकुंतला नरेंचं काम तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं मला. वाड्यातली भुतं रात्री येतात आणि जातात, माई तिथे चोवीस तास आहे. नवरा कुठून आला हे तिला माहीत आहे आणि तरी तिने ताट घेतलंय, कारण मुलं बघताहेत, कारण दाराबाहेर गाव आहे. तिचा तो चढलेला आवाज मला आधी खटकायचा, आता वाटतं एवढ्या मोठ्या घरात ज्या बाईचं कोणी ऐकतच नाही ती आणखी कशी बोलणार. भीतीची मालिका म्हणतात ना, मला त्यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट शेवटी हीच वाटली, भुताशिवायची.

लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडलं तेव्हा नवीन भाग नव्हते तरी फोन चालू होते, जुनेच भाग दोघी परत परत बोलायच्या. तिसरा सीझन २०२१ मध्ये आला, त्यात मला तेवढी मजा नाही आली, मावशीने तर अर्ध्यात सोडला.

तर परवा तो पहिला भाग. अण्णा गेलेत, मुंबईहून माधव येतोय, सगळे रडताहेत, आणि आई पूर्ण वेळ फक्त माईकडे बघत होती, एकदा तर मागे घेऊन परत बघितलं. भाग संपल्यावर बाल्कनीत गेली आणि फोन लावला. लाइट होती मावशीकडे, पण तिने आज आईला काही विचारलंच नाही. आईच म्हणाली, अगे आज मी माईक बघलंय, पयल्यापासून.

पलीकडून मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलंन, "रडली मा ती? पोटभर?"