आईबापाचं एकच घर, जन्मगावं मात्र दोन

मॉस्कोच्या कझान्स्की स्टेशनातून संध्याकाळी निघालो आणि दुसऱ्या दिवशी इझेव्हस्कला उतरलो. रशियाला जाणारे आपले लोक मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग करून परततात. मला शस्त्रांच्या कारखान्यांचं गाव इझेव्हस्कच बघायचं होतं. वडिलांची सगळी नोकरी ओझरच्या मिग कारखान्यात गेली. सोव्हिएत शस्त्रं कोण आणि कुठे बनवायचं, हे कुतूहल मला घरातूनच मिळालेलं.

आदल्या दिवशी रेड स्क्वेअरवर क्रेमलिनच्या भिंतीतली एक पाटी शोधली होती : द्मित्री उस्तीनोव, सोव्हिएत शस्त्रं बनवून घेणारा मंत्री. इझेव्हस्कला काही काळ त्याचंच नाव होतं. या भिंतीत ज्यांच्या अस्थी ठेवल्या, त्यांतला हा शेवटचा माणूस, डिसेंबर 1984.

जन्म 1908 चा, समारातल्या कामगाराच्या घरात. लेनिनग्राडला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला शिकून इंजिनिअर झाला आणि तिशीतच तिथल्या ‘बोल्शेविक’ या तोफांच्या कारखान्याचा डायरेक्टर. जून 1941 मध्ये शस्त्रास्त्र खात्याचे मंत्री वान्निकोव यांना अटक झाली आणि स्टालिनने त्या खुर्चीवर या 32 वर्षांच्या पोराला बसवलं. दोन आठवडेही झाले नाहीत तोच जर्मन फौजा सरहद्द ओलांडून आत! पश्चिमेकडचे कारखाने उचलून, यंत्रं रेल्वेत चढवून पूर्वेकडे न्यायची आणि उतरवल्या उतरवल्या सुरू करायची, हा त्याचा पहिला धडा. गंमत अशी, की वान्निकोव तुरुंगातून सुटले ते उस्तीनोवच्या हाताखाली काम करायला.

उस्तीनोवला मोटारसायकलचं वेड होतं. भर युद्धात गाडीवरून पडून पाय मोडून घेतला होता म्हणतात. इझेव्हस्क मोटारसायकलींचंही गाव, त्यामुळे तळ्याकाठी एक जुनी ‘इझ’ उभी दिसली तेव्हा हे आठवून हसू आलं.

हे तळं निसर्गाचं नाही. अठराव्या शतकात लोखंडाच्या कारखान्यासाठी नदीला बांध घालून ते केलं. बांधाजवळ 1807 साली सुरू झालेल्या शस्त्र कारखान्याचा मनोरा आहे. थोडं पुढे एके-47 रायफलवाल्या कलाश्निकोवचं संग्रहालय. तिथे शाळेच्या सहलीची झुंबड होती, मी अर्ध्या तासात बाहेर पडलो. बंदुकांपेक्षा मला त्या बनवून घेणाऱ्या माणसात रस होता. युद्ध संपल्यावर रॉकेटं त्याच्याच खात्याकडे आली. 1953 मध्ये तो संरक्षण उद्योग मंत्री झाला, 1976 मध्ये थेट संरक्षणमंत्री आणि मार्शल. लढाईत कधी सैन्य हाताळलेलं नाही आणि तरी मार्शल! ऑर्डर ऑफ लेनिन हा मोठा सोव्हिएत सन्मान अकरा वेळा. पण अफगाणिस्तानात फौजा पाठवायचा निर्णय ज्या तीन-चार जणांनी रेटला, त्यांतही हा होताच. कारखाने हलवणारा उस्तीनोव मला थोर वाटतो. हा दुसरा मात्र पचत नाही.

तो गेल्यावर आठवड्याभरात इझेव्हस्कचं नाव बदलून ‘उस्तीनोव’ केलं. गावकऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही. 1987 च्या जूनमध्ये जुनं नाव परत आलं. एका भागाला मात्र ‘उस्तीनोवस्की’ हे नाव राहून गेलंय, बसमधून जाताना पाटी दिसते.

मी उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंना फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने उस्तीनोवबद्दल विचारलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि पासपोर्ट घेऊन आल्या. जन्म 1986, जन्मस्थळ : उस्तीनोव शहर. थोरला भाऊ 1982 चा, धाकटी बहीण 1989 ची, दोघांच्याही पासपोर्टवर इझेव्हस्क. तिघांचं प्रसूतिगृह एकच! बँकेत दरवेळी विचारतात, हे गाव कुठे आलं म्हणून, असं त्या हसत सांगत होत्या.

मग त्यांनी माझ्यापुढे वाफाळत्या पेल्मेनींची, म्हणजे सारण भरून उकडलेल्या छोट्या करंज्यांची बशी सरकवली. पेल्मेनी हा शब्द मूळचा इथल्या उद्मुर्त लोकांचा, अर्थ ‘कानाची भाकरी’. मी पासपोर्टचा फोटो काढू का विचारलं, तर बाईंनी तो मिटून कपाटात टाकला आणि बोटानेच बशी दाखवली. आधी खा, गार होतंय.