वैशाखातला मेळावा

नागपुरात मे महिना लागला की माणसं कूलरच्या ताट्या बदलतात, दारं-खिडक्या लावून घेतात आणि संध्याकाळची वाट बघतात. आमच्या मंडळाचा निसर्ग मेळावा मात्र दरवर्षी याच दिवसांत, बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी. थंडीत ठेवा, अंबाझरी तलावावर बदकं येतात, असं कुणी सुचवलं की मंडळाचे सर म्हणायचे, "ते पाहुणे झाले. घरची मंडळी उन्हाळ्यातच बघावी, पिल्लंबाळं असतात तेव्हा." दुसरंही कारण होतं. पौर्णिमेच्या रात्री वनखातं पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलांत मचाणांवरून प्राण्यांची मोजणी करतं. लख्ख चांदणं, नाले आटलेले, त्यामुळे जनावर उरलेल्या पाण्यावर येतंच. मंडळातली काही जण मचाणावर जायची, त्यांची नजर आधी तयार व्हावी असं सरांना वाटायचं.

पहाटे अंधारातच निघायचं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खांद्याला पाण्याची बाटली. कधी गोरेवाड्याकडचं माळरान, कधी हिंगण्याकडचं झुडपी जंगल. सरकारी दप्तरात 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली ही जमीन बहुतेकांना पडीक रान वाटते. आम्हाला तिथे सगळ्यात जास्त मिळालं. काटेरी झुडपाच्या शेंड्यावर लालबुंद डोक्याचा, काळ्या गळ्याचा सरडा बसलेला असायचा. विणीच्या दिवसांत नराला हा रंग चढतो. गावाजवळच्या उंबरावर हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवा असायचा, पण पानांत असा मिसळलेला की फळं टपटप पडायला लागल्यावरच कळायचं. आपला राज्यपक्षी, आणि शहरातल्या किती पोरांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला असतो?

आठ वाजले की कॅमेरे पिशवीत. ऊन सोसत नाही म्हणून नव्हे, फोटोच येत नाही म्हणून. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते, आणि कितीही मोठी लेन्स लावा, पक्ष्याची कड धुरकटच येते.

टिटवी मी तशाच एका सकाळी नीट पाहिली. मुरमाड जमिनीवर चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, काही काडीकचरा नाही. दुरून आम्ही पोटावर पडून बघत होतो. ती उठली, डबक्याच्या कडेला गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहून पोट बुडवलं, पुन्हा बुडवलं, आणि तुरुतुरु चालत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. पिसांचं पाणी अंड्यांवर उतरतं, ती गार राहतात. सर कुजबुजले, "आता कुणी पुढं सरकू नका. ती दहा मिनिटं अंड्यांवरून उठून लांब राहिली, तर या उन्हात अंडी शिजतील." आमच्यातलं कुणीही हललं नाही.

परतल्यावर तर्री पोहे आणि पन्हं. दुपारची झोप. मग संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सतरंज्या पडायच्या, पांढरी चादर ताणली जायची आणि वर्षभरातल्या स्लाइडी दाखवायच्या. ३६ फोटोंच्या रोलचा तो काळ. प्रत्येकाला तीनच स्लाइडी, कारण निवड करायला शिकलंच पाहिजे. कॉलनीतल्या आज्या पुढच्या रांगेत. "हा कायचा पक्षी आहे रे? कुठी भेटला?" असं विचारणाऱ्या एका आजीला पावशाचा फोटो ओळखता आला नाही, पण त्याचं 'पेरते व्हा' तिनं गच्चीवर असं म्हणून दाखवलं की सगळी पोरं तिच्याकडेच वळून बसली. माहेरच्या शेतात ऐकलेलं होतं ते.

एका वर्षी एका दादानं स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या घरट्याची स्लाइड आणली. नर अंड्यांवर बसलेला, लांब पांढरी शेपूट वाटीसारख्या घरट्याबाहेर लोंबत असलेली. गच्चीवर टाळ्या पडल्या. सर तेवढे गप्प होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुढची डहाळी कुणी तोडली, बाळा?" फोटो स्वच्छ यावा म्हणून घरट्यावरची सावली गेली होती, आणि कावळ्यांना ते उघडं पडलं होतं. सर रागावले नाहीत. स्लाइड त्यांनी काढायला लावली आणि घरट्यांचे फोटो मेळाव्यात दाखवायचे नाहीत, हा नियम त्याच रात्री झाला. मला तो आजही पटतो. तो दादा पुढे वर्षानुवर्षं फेरीत सगळ्यात मागे चालायचा आणि लहान मुलांना घरट्यापासून लांब ठेवायचा.

आता स्लाइडी गेल्या, मोबाइल आले. गोरेवाड्याला २०२१ पासून प्राणिउद्यान झालंय, सफारीच्या गाड्या फिरतात, आणि आमच्या जुन्या माळांपैकी काहींवर प्लॉट पडलेत. सरांना आता चालवत नाही, तरी फोटो निवडायला तेच बसतात. मोबाइलमध्ये शेकडो फोटो घेऊन येणाऱ्या पोरांनाही तीनच दाखवता येतात; त्यावरून दरवर्षी हुज्जत होते आणि सर काही ऐकत नाहीत. यंदाही फेरी झुडपी जंगलातूनच आहे. नवीन मुलांनी कॅमेरा नसला तरी यावं, कांदा आणि दुपट्टा मात्र विसरू नये.